पंचवीस नंबरचं दार

माझ्या मामाने उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाशी दाराच्या फटीतून गोड बोलत राहायचं आणि त्याला शांत ठेवायचं, यात मामाचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडचण एवढीच होती की न अडकलेली माणसं समोर आली की तो गोडवा कुठे पळायचा कोण जाणे. त्याचं डोकं कधी फिरेल याचा नेम नसायचा, आणि एकदा फिरलं की जागेवर यायला वेळ लागायचा. मामी म्हणायची, "ह्यांच्याशी काही बोलायचं असेल तर आपणच लिफ्टमध्ये अडकून घ्यावं."

निवृत्त झाल्यावर हा मामा आमच्या घराण्याचा पोस्टमास्तर झाला. म्हणजे असं झालं की आजीची सगळी पत्रं एका फुकटच्या मेल सेवेत होती, आणि ती सेवा एक दिवस गाशा गुंडाळून निघून गेली. तोवर आजीही गेली होती. आपल्या आईचे शब्द परक्याच्या घरात ठेवले आणि परका घर विकून पसार झाला, हे मामाच्या जिव्हारी लागलं. त्याने एक जुना कॉम्प्युटर उघडला, पुस्तकं वाचून वाचून तो स्वतः बसवला, आणि दारामागच्या चपलांच्या कपाटावर ठेवला. करडा डबा, समोर एक हिरवा दिवा, आत जुन्या पंख्याची घरघर. हा आमचा मेल सर्व्हर. सगळ्या नातेवाइकांना मामाने आडनावाचे पत्ते वाटले. आपली पत्रं यायची ती त्या डब्यात, जायची ती त्या डब्यातून, मध्ये कुणी नाही. पाहुणे चपला काढायला वाकले की मामा ओरडायचा, "धक्का लावू नका, आत माणसं आहेत!"

या डब्याने केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे मामा आणि मावशी यांच्यातला समझोता. मावशी ही त्याची थोरली बहीण. ती समुद्रापलीकडे राहते आणि कानाने अधू आहे, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. आपण "बरी आहेस ना?" विचारलं की ती म्हणते, "नाही, रविवारी नाही." फार पूर्वी मावशीच्या यजमानांनी नवी गाडी घेतली होती. मामाने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि चारचौघांत म्हणाला, "ही महिनाभर टिकली तर बघा." गाडी पुढच्याच आठवड्यात बंद पडली. मावशीच्या मते ती मामाच्या जिभेमुळे पडली. त्यावरून जो अबोला धरला गेला तो इतका टिकाऊ निघाला की गाडी भंगारात गेली तरी अबोला धावतच होता. शेवटी डबा तयार झाल्यावर मामाने मावशीचाही पत्ता तयार केला आणि तिला लिहिलं, "हा तुझा पत्ता. नको असेल तर कळव." मावशीने उत्तर दिलं, "स्पेलिंग बरोबर आहे." एवढ्यावर दोघांचं पुन्हा सुरू झालं, फक्त मावशी त्या पत्त्यावरची पत्रं तिकडच्या आपल्या जुन्या मेलवर मागवून घ्यायची आणि तिथूनच लिहायची. मग रोज मेल. हवा, गुडघे, शेजारी, औषधं, आणि कधी कधी लहानपणचं काहीबाही.

आणि एके दिवशी मामाच्या डब्यातून पत्रं जाईनाशी झाली.

गंमत अशी की येणं चालू होतं. मावशीचा मेल आला, "छत गळतंय. कुणाला बोलावू?" मामाने लगेच उत्तर लिहिलं. ते डब्यातच बसून राहिलं. डबा सांगत होता की पलीकडे जोडणी होत नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. मावशीचा दुसरा मेल आला, "वाचलंस का?" मग तिसरा, "परत सुरू झालं वाटतं तुझं." आणि त्यानंतर नुसतं एका शब्दाचं पत्र आलं: "बरं."

'बरं' हा शब्द आमच्या घराण्यात फार वाईट. त्यानंतर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

'बरं' आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामीचा चष्मा दुरुस्त करून आणला होता तो द्यायला गेले. बघते तर मामा चपलांच्या कपाटासमोर स्टुलावर बसलेला, दातात स्क्रूड्रायव्हर, डब्याचं पोट उघडं.

"काय झालं?"

"डब्याला काही झालेलं नाही," मामा स्क्रूड्रायव्हर न काढताच म्हणाला. "तीनदा सोडवून जोडला. वायर बदलली. बाहेरच कुणीतरी पाय आडवा घातलाय."

"मी माझ्या ऑफिसच्या पत्त्यावरून मावशीला कळवू का?"

त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. "म्हणजे ती म्हणेल, मला स्वतःला लिहायला तोंड नाही म्हणून भाचीला पुढे केली. अजिबात नको. माझं मी बोलीन."

मामी आतून म्हणाली, "बोला की मग! बोलायला नेटच लागतं असं थोडंच आहे? विमानाने जा."

मामा उठला, पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाला, "चल. नेटवाल्यांकडे."

ही इंटरनेट कंपनी काही फार मोठी नव्हती. आमच्या भागापुरती. तिचं ऑफिस एका बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे जिन्यात नव्या चामड्याचा आणि चिकटवायच्या सरसाचा वास होता. वर एक काउंटर, त्यामागे काचेची थंडगार खोली, आणि तिच्यात उभ्या कपाटांमधून लुकलुकणारे दिवे. नेटवर्क सांभाळणाऱ्या बाई तिशीच्या असतील. केस पेन्सिलीने अडकवलेले, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद.

"माझी पत्रं कुणी अडवली?" मामाने नमस्काराच्या जागी हेच म्हटलं.

"कुठली पत्रं, काका?"

"माझा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. घरी. येतं सगळं, जात काही नाही."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "अय्या, म्हणजे ते तुम्ही होय! मी म्हणतच होते, असं कुणीतरी असणार आणि ते भांडायला येणार."

"म्हणजे मुद्दाम केलंय?"

"हो. पंचवीस नंबरचं दार बंद केलंय. सगळ्यांना महिनाभर आधी कळवलं होतं."

"मला नाही कळवलं."

"मेलने कळवलं होतं, काका. कचऱ्यात बघा बरं."

मामाने फोन काढून बघितलं. त्याचा डबा फार कडक शिस्तीचा. 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात दिसली की पुढचं न वाचता कचऱ्यात. कंपनीची सूचना तिथेच होती, लॉटरी लागल्याच्या दोन खुशखबरींच्या मध्ये चेपून बसलेली. मामाने फोन खिशात ठेवला आणि घसा साफ केला.

बाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा. सांगते." आणि मग त्या ज्या आवाजात बोलू लागल्या तो आवाज मी कुठेतरी ऐकला होता. लिफ्टच्या फटीतून मामा अगदी तसाच बोलायचा. मामालाही ते जाणवलं असावं, कारण तो मुकाट्याने बसला.

"कॉम्प्युटरमधून बाहेर पडायला नंबर दिलेली दारं असतात," बाई म्हणाल्या. "एका मेल सर्व्हरने दुसऱ्याच्या घरी थेट जाऊन पत्र टाकायचं ते पंचवीस नंबरच्या दाराने. पण साध्या माणसाला ते लागतच नाही. तो पत्र लिहितो आणि आपल्या मेलवाल्याच्या मशीनकडे सोपवतो. वेगळ्या दाराने, नाव आणि पासवर्ड सांगून. पुढे पोचवायचं काम त्या मशीनचं."

"हे मला माहीत आहे," मामा म्हणाला.

"मग पुढचंही माहीत असेल. एखाद्याच्या कॉम्प्युटरमध्ये किडा, म्हणजे व्हायरस, शिरला, की त्याला नाव विचारणारं मशीन चालत नाही. तिथे तो पकडला जाईल ना! एका माणसाने एका तासात एवढी पत्रं कशी लिहिली, असं ते मशीन विचारील. म्हणून किडा थेट पंचवीस नंबरने निघतो आणि जगभरची दारं ठोठावत भंगार मेल टाकत सुटतो. मालक आपला समोर बसून पत्ते खेळतोय. त्याला गंधवार्ता नाही."

"त्यात माझा काय संबंध?"

"पलीकडच्यांना तुमचं घर दिसत नाही, काका. त्यांना आमच्या कंपनीने लाइनींना दिलेले आकड्यांचे पत्ते दिसतात. आमच्याकडून नुसता कचरा येतोय म्हटल्यावर त्यांनी आमच्या सगळ्याच पत्त्यांवर फुली मारली. खालच्या दुकानाच्या ऑर्डरी परत यायला लागल्या. कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहाचे रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचेनात. तिथल्या डॉक्टरीणबाई इथे येऊन मला काय काय बोलल्या ते सांगत नाही. आम्ही एकेकाला मेल नाहीतर फोन करून कॉम्प्युटर साफ करायला लावायचो. एकाचा साफ झाला की दुसऱ्याचा सुरू. शेवटी दारच लावून घेतलं. त्यानंतर हळूहळू फुल्या निघाल्या."

मामाचा राग थोडा खाली आला होता, तो पुन्हा चढला. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"फाशी कशाला? संन्याशाने मागितली तर किल्ली देतो," बाई हसून म्हणाल्या. "आपल्या लाइनीला कायमचा एकच पत्ता घ्यायचा, आपल्याकडून कचरा जाणार नाही याची जबाबदारी घ्यायची, की तुमच्यापुरतं दार उघडं. फक्त त्याआधी तुमची लाइन एकदा बघते."

त्यांनी मामाचा ग्राहक क्रमांक विचारला, टाइप केला, सफरचंदाचा घास घेतला आणि चावायच्या थांबल्या.

"काका, तुमच्या घरातून दारावर धडका चालू आहेत."

"असणारच. माझी पत्रं अडकलीत ना!"

"तुमची पत्रं अधूनमधून येऊन कडी वाजवून जातात, ती दिसतायत मला. हे वेगळं आहे. ह्याला श्वास घ्यायला फुरसत नाही." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. ओळींवर ओळी वर सरकत होत्या, वाचायला सवड न देता. "दार लावण्याआधी या लाइनबद्दल तक्रारीसुद्धा आल्या होत्या. थांबा, काय होतं... हां. वजन कमी करायच्या गोळ्या."

"माझ्या घरातून?"

"तुमच्या घरातून. तुम्हाला त्याबद्दलही एक मेल गेला असणार."

या वेळी मामाने फोन बाहेर काढला नाही.

आम्ही घरी परतलो. लिफ्ट समोर उभी असताना मामा जिन्याने वर गेला, यावरूनच मी काय ते समजले. ठरलं असं होतं की बाई ऑफिसात पडद्यासमोर बसतील, मी फोन स्पीकरवर धरायचा, आणि मामाने घरातलं एकेक यंत्र तोडत जायचं.

पहिला नंबर डब्याचा. मामाने नेटच्या वायरीला हात घातला आणि आधी डब्यावरची धूळच पुसत बसला. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जगाशी भांडला तोच बदफैली निघाला तर?

"काढली," मी फोनमध्ये म्हटलं.

"चालूच आहे," बाईंचा आवाज आला.

मामाने सुस्कारा सोडला आणि डब्यावरून असा हात फिरवला, जसा परीक्षेत पास झालेल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवावा. मग टीव्हीची वायर काढली. "चालूच आहे." मग राहिला फक्त खिडकीजवळचा मामीचा कॉम्प्युटर.

मामी त्याच्यासमोर विणकाम घेऊन बसली होती. कॉम्प्युटरमधून पाखरांचा किलबिलाट चालला होता. कुठूनतरी फुकट मिळालेला तो प्रोग्रॅम होता, सकाळी वेगळी पाखरं, दुपारी वेगळी. मामीचा तो भारी लाडका.

"ह्याला कशाला हात लावता?" ती म्हणाली. "हा बिचारा नुसती पाखरं ऐकवतो."

मामाने वायर काढली. किलबिल चालूच राहिली.

"थांबलं," बाई म्हणाल्या.

"काय थांबलं?" मामीने विचारलं.

"तुझा धंदा!" मामा ओरडला, आणि मग त्याने सगळी हकीकत सांगितली. पाखरांच्या पोटात किडा होता, तो दिवसरात्र बारीक व्हायच्या गोळ्या जगाला विकत होता, त्यापायी डॉक्टरीणबाई बोलल्या, दुकानाच्या ऑर्डरी परत आल्या, आणि मावशी 'बरं' म्हणाली.

मामीने विणकाम मांडीवर ठेवलं. "बारीक व्हायच्या गोळ्या? सगळ्या दुनियेला विचारलं आणि मला एकदाही नाही? मी ह्याच्यासमोर बसलेली असायचे की!"

फोनमध्ये बाईंना हसू आवरेना. मामाचा पारा चढायच्या बेतात होता, पण मामीने त्याला बोलूच दिलं नाही. "आणि तुम्ही हो? दुनियेच्या मशिनी उघडून बघता. माझ्याकडे कधी ढुंकून बघितलंत? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मामाने बाही सावरली आणि मामीचा कॉम्प्युटर पार पुसून नव्याने बसवायला घेतला. पाखरं गेली. मामी हळहळली, पण तिने दुसरा प्रोग्रॅम शोधायचं नाव काढलं नाही.

किल्ली मिळायला थोडे दिवस लागणार होते. बाईंनी सांगितलं, "तोवर तुमचा डबा पत्रं आमच्या मशीनकडे सोपवेल असं करा. दुसऱ्या दाराने, पासवर्ड देऊन."

"म्हणजे माझं पोस्ट तुमच्या पोस्टाच्या हाताखाली?"

"हाताखाली कशाला, काका? शेजारी समजा. आपलं दार अडलं तर शेजारच्या दाराने जातोच ना आपण."

हे त्याला पटलं. चपलांच्या कपाटासमोर बसून त्याने डब्याला नवी वाट शिकवली आणि शेवटचं बटण दाबलं. हिरवा दिवा लगेच लुकलुकायला लागला. अडकलेली पत्रं भराभर निघाली होती. मामा समाधानाने मागे रेलला आणि दुसऱ्याच क्षणी ताडकन उभा राहिला.

"थांबव! अगं, थांबव त्याला!"

"काय झालं?"

"ते... ते एक जायचं नव्हतं!"

पण ते गेलं होतं. झालं होतं असं की पत्रं काही केल्या जात नाहीत हे कळल्यावरही मामाने लिहिणं थांबवलं नव्हतं. 'पन्हळ आधी बघ, पानं अडकली असतील.' 'मी अबोला धरलेला नाही, डब्याने धरलाय.' आणि मग 'बरं' आलं त्या संध्याकाळी त्याने एक मोठं पत्र लिहिलं होतं. कुठे जाणार आहे, असं म्हणून मनातलं सगळं लिहिलं होतं. त्यात होतं की ती गाडी चांगली होती. रंगही सुरेख होता. मला हेवा वाटला म्हणून मी तसं बोललो. तुम्ही दोघं तीत बसून निघालात आणि मी रस्त्यावर हात पुसत उभा राहिलो, तेव्हा मला वाटलं की ताई आता लांब गेली.

हे त्याने मला तोंडाने सांगितलं, भिंतीकडे बघत. मामी तिथेच उभी होती. तिने त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि पाण्याचा पेला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने मला बोलावून घेतलं. मावशीचं उत्तर आलं होतं, पण उघडायचं त्याच्याने होत नव्हतं. मी उघडलं. लिहिलं होतं:

"एकदम इतकी पत्रं आली की आधी वाटलं तुला कुणी धमकी दिली आहे. पन्हळीत पानंच होती. गाडी भंगारच होती रे, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण ह्यांच्यासमोर तुझी बाजू कशी घेणार? लांब मी गेले नव्हते, तू जवळ आला नाहीस. वसंतात ये. तिकीट मी काढत नाही, तुझं तू काढ."

मामाने ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "स्वभाव काही गेला नाही तिचा," आणि नाक शिंकरायला आत गेला.

किल्ली आठवड्याभरात मिळाली. कायमचा पत्ता आला, मामाने जबाबदारी घेतली, आणि डब्यासाठी पंचवीस नंबरचं दार पुन्हा उघडलं. पण मामीचा कॉम्प्युटर त्याने वेगळ्या वायरीवर ठेवला. मामी म्हणाली, "हो हो, ठेवा वाळीत." तिने नवऱ्याच्या नावापुढे पोस्टमास्तरऐवजी जेलर लावायला सुरुवात केली.

काही दिवसांनी नेटवर्कवाल्या बाईंचाच मामाला फोन आला. मामाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहतात. त्यांच्या लाइनवरूनही अशाच धडका चालल्या होत्या. बाईंनी दोनदा फोन केला, पण न्यायाधीशांनी "आरोप लेखी द्या" म्हणून ठेवून दिला. "काका, तुम्ही एकदा जाऊन बघाल का? तुमचं ऐकतील."

"माझं कुणी ऐकत नाही," मामा म्हणाला, पण गेला. मीही मागोमाग गेले, असली मजा चुकवायची नव्हती.

न्यायाधीश घरातल्या कपड्यांतही कोर्टात बसल्यासारखे ताठ बसले होते. मामाने सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "माझ्या घरातून गुन्हा घडतोय असं तुमचं म्हणणं. पुरावा?"

"वायर काढतो. बाई तिकडून सांगतील."

वायर काढली. थांबलं. पुन्हा जोडली. सुरू झालं. न्यायाधीशांनी स्वतः तीन वेळा काढून जोडून बघितलं, फोनमधल्या बाईंची उलटतपासणी घेतली, आणि शेवटी चष्मा काढून कॉम्प्युटरकडे असं बघितलं, जसं घरच्याच माणसाने दगा दिल्यावर बघतात. "बुद्धिबळ शिकवतो म्हणाला होता हा फुकटचा प्रोग्रॅम," ते हळूच म्हणाले. "आणि रोज हरवायचा मला."

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका," मामा म्हणाला. "आमच्याकडे तर घरातल्या पाखरांनी केलं."

ते काम आटपायला दुपार गेली. मशीन साफ होत असताना नुसतं काय बसायचं म्हणून न्यायाधीशांनी खरा पट काढला, लाकडी सोंगट्यांचा. मामाला घोडा कसा चालतो एवढंच माहीत होतं, पण तो बसला. पहिल्या डावात पार धुतला गेला. दुसऱ्यात थोडा टिकला. न्यायाधीश इतके खूष झाले की त्यांनी आतून स्वतः चहा करून आणला. फारच पातळ होता, मामा मला खाली उतरल्यावर म्हणाला, पण तिथे त्याने दोन कप घेतले आणि पुढच्या बुधवारी परत येतो म्हणून सांगितलं.